बास की पास

कंपनीची बस आली तशी शालू हातात फॉर्म घेऊन आमच्या नीलाच्या पुढ्यात उभी राहिली. "तोंड दाखव," म्हणाली. नीलाने तोंड फिरवलं आणि बसमध्ये चढली. शालूला ऐकू येत नाही. तिच्याकडे पाठ करणं म्हणजे दार लावून घेणं. बस गुडगावकडे गेली. शालू धुरात तशीच उभी.

शालू आमच्या वरच्या क्वार्टरमधल्या तात्यांची मुलगी. तीन वर्षांची असताना तापात कान गेले. आईने ओठांवरून मराठी शिकवली, हिंदी ती सरोजिनी नगरच्या बाजारात शिकली. भाजीवाल्यालाही "मुंह दिखाओ" म्हणायची, तो बिचारा लाजायचा. मिशावाल्याकडून भाजी घ्यायची नाही, कारण ओठ दिसत नाहीत. कॉलेजात एका सरांना तिने सरळ मिशा कापायला सांगितल्या होत्या. भांडणात हरायला लागली की डोळे मिटून घ्यायची. मग बसा बोंबलत.

तात्या सरकारी बाबू. रजा पास, बिल पास, हीच त्यांची भाषा. बी.ए.चा निकाल लागल्यावर शालूने विचारलं, एम.ए. करू? तात्या म्हणाले, "बास." ब आणि प ओठांवर सारखेच दिसतात. शालूने "पास" वाचलं आणि सगळ्या जिन्याला बर्फी वाटून आली. लोक अभिनंदनाला आल्यावर तात्या काय बोलणार? त्यांनी कागदावर "बास" लिहून दिलं, तर म्हणाली, तुमचं अक्षर वाईट आहे. चुकून वाचलं की मुद्दाम, मला आजवर कळलेलं नाही.

पण नीलाशिवाय तिचं एम.ए. अवघड होतं. सर फळ्याकडे वळले की शालूचा तास संपायचा. तीन वर्षं नीला वहीत कार्बन घालून लिहायची, खालची प्रत शालूची. एम.ए.चंही दोघींनी मिळून ठरवलं होतं. मग गुडगावला नवी कंपनी निघाली आणि नीलाला फोन घ्यायची नोकरी मिळाली. ती घ्यायला मीच लावलं. मी चौथी शिकलेली. मला मुलगी एसी ऑफिसात बसलेली बघायची होती.

बस गेल्यावर शालू माझ्याकडे आली.

"काकू, फक्त सही राहिलीय. आज शेवटचा दिवस."

मी म्हटलं, मग कर की सही. तिने फॉर्मवर बोट ठेवलं. हिंदीत होता, मला वाचता आला. नाव नीलाचं होतं. जन्मतारीख, गुण, पत्ता, सगळं शालूने भरलेलं. स्वतःचा फॉर्म तिने आठवड्यापूर्वीच दिला होता.

"मला टिपणं कुणीही देईल," ती म्हणाली. "नीलाला शिकायचंय. ती तुम्हाला सांगत नाही."

पहिलं खोटं होतं. दुसरं खरं होतं, आणि ते मला माहीत होतं.

कोपऱ्यावर फोनचा बूथ होता. नीला दिवसभर फोनच घेत बसणार होती. मी फोन केला नाही.

तारीख उलटल्यावर नीलाला सांगितलं, तो फॉर्म तुझाच होता. ती अर्धं ताट तसंच ठेवून उठली.

शालूला टिपणं कुणी दिली नाहीत. दोन वर्षं ती बाकावर एकटी बसली आणि एम.ए. झाली. नीला बी.ए.च राहिली.