डोळ्यांचा पंचनामा

विमा कसा मिळवायचा, हे हदगावच्या शेषेरावांना कुणी शिकवायची गरज नव्हती! पीकविम्याचे साहेब पंचनाम्याला आले, की त्यांना बांधाच्या कुठल्या कोपऱ्यावर उभं करायचं, कुठलं पिवळं पडलेलं सोयाबीन उपटून दाखवायचं आणि सुस्कारा नेमका कधी टाकायचा, यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात दुसरा नव्हता.

त्यामुळे पुण्याहून लेकीचा, दीपमालाचा फोन आला तेव्हा ते हरखूनच गेले.

"अण्णा, माझ्या कंपनीच्या विम्यात आता तुमचे डोळे पण आलेत. नांदेडला जाऊन तपासून या."

"डोळ्याचा विमा? लई भारी!"

"भारी काय! काल तुम्ही रस्त्यावर वाळत घातलेल्या सोयाबीनवरून स्कूटी नेलीत. वर सोयाबीन वाळवणाऱ्या बाईलाच विचारलंत, वाळू कुणी टाकली म्हणून! चष्मा लागेपर्यंत गाडीला हात लावायचा न्हाई. ऐकलं न्हाई, तर चावी कायमची आईकडं!"

स्कूटीशिवाय शेषेराव म्हणजे शेपटीशिवाय पतंग! चष्मा आणायलाच हवा होता. पण नुसता चष्मा कशाला? जेवढं नुकसान मोठं, तेवढा विमा मोठा! आणि पंचनामा म्हटला की पंच आलाच. त्यांनी शेजारच्या किशनरावांना एसटीत घातलं.

"म्या काय बोलायचं?" किशनरावांनी विचारलं.

"मी म्हणतो दिसत न्हाई. तू म्हण, खरंच दिसत न्हाई."

दवाखान्यातल्या तनुजा डॉक्टर तरुण होत्या, बोलायला गोड. "काका, समोरच्या भिंतीवरचं सगळ्यात वरचं अक्षर वाचा."

अक्षर चांगलं रेड्याएवढं होतं! शेषेरावांनी ठेवणीतला सुस्कारा टाकला.

"कुठली भिंत म्हणता, मॅडम?"

मॅडम दचकल्या. किशनराव पुढं सरसावले. "मॅडम, मी पंच हाय. शंभर टक्के नुकसान! परवा ह्यांनी विजेच्या खांबाला राम राम घातला अन् लेकराबाळांची ख्यालीखुशाली विचारली!"

"किशन, जरा कमी कर," शेषेराव दातांतून बोलले.

मॅडमनी डोळ्यांत थेंब घातले, बराच वेळ बाहेर बसवलं, मग यंत्रातून आत पाहिलं. पुन्हा पाहिलं. शेषेराव मनात मांडे खात होते. हे झालं खरं नुकसान! आता चष्मा तर मिळेलच, वर एखादा गॉगलही!

"काका, डोळा आतून छान आहे. तरी भिंतसुद्धा दिसत नाही म्हणता, म्हणजे दुखणं मेंदूच्या नसेत असेल. तुम्हाला हैदराबादला पाठवावं लागेल. आजच!"

"अन् चष्मा?"

"चष्म्याचं राहू द्या आता. हा विमा वर्षातून एकदा साधी तपासणी आणि चष्मा, एवढ्यापुरताच. दुखण्याचा विमा वेगळा."

किशनरावांनी आ वासला. "म्हणजे नुकसान न्हाई त्यालाच विमा? असला उफराटा विमा कुठं असतोय!"

तोवर मॅडमनी दीपमालाला फोन लावला होता. पलीकडून रडणंच ऐकू आलं. "अण्णांना दिसत न्हाई? आईला सांगते, आधी ती स्कूटी विकून टाक!"

शेषेराव खुर्चीवरून ताडकन उठले. "दिसतंय! समदं दिसतंय! मी नुकसान दाखवून राहिलो होतो!"

"मॅडम, ऐकू नका!" पंच शब्दाला पक्के होते. "गाडीसाठी खोटं बोलून राहिलेत!"

"खोटं? आत्ता वाचून दाखवतो!" शेषेरावांनी टेबलावरचा कागद उचलला, नाकाशी धरला आणि त्यांना दरदरून घाम फुटला. कागदावर नुसत्या मुंग्या! "मॅडम... आता खरंच दिसंना झालं!"

मॅडमना हसू आवरेना. "काका, ते थेंबांमुळं! संध्याकाळपर्यंत सगळं धूसरच दिसणार. उद्या या, आणि खरं बोला!"

पण फोन चालूच होता. "खरंच दिसंना झालं" एवढं दीपमालानं ऐकलं आणि फोन ठेवून आईला लावला.

दुसऱ्या दिवशी शेषेराव शहाण्या पोरासारखे जे दिसलं तेच बोलले. साधा नंबर निघाला, चष्मा विम्यात बसला. लेकीची समजूत पटली, स्कूटी विकायची वाचली. पण चष्मा तयार होऊन येईपर्यंत चावी बायकोच्या, तारामतीबाईंच्या कमरेला!

आठवड्यानं चष्मा आला. तो नाकावर चढवून शेषेराव ऐटीत अंगणात आले आणि हात पुढं केला. "दे चावी!"

तारामतीबाई स्कूटीवर बसलेल्याच होत्या. पदर खोचलेला, गाडी चालू.

"चावी कशाला? शेजारच्या दिपालीनं शिकवलं मला. आठ दिवसांत एक कोंबडीसुद्धा दचकली न्हाई! बसा मागं, बाजारला उशीर होतोय."

"अगं, पण आता मला दिसतंय!"

"मग मागून बघा की! डोळे भरून बघा!"

शेषेराव चष्मा सावरत मागं बसले. गाडी पारावर बसलेल्या गावकऱ्यांसमोरून गेली. चष्मा खरंच झकास होता. हसणाऱ्यांचे दात तर एकेक वेगळे दिसत होते!