राऊतकाकांची कढई

कॅमेरा घेण्याआधी कुणीही सल्ला विचारायला आलं, की आमच्या समोरच्या फ्लॅटमधले राऊतकाका पहिला प्रश्न एकच विचारतात, "डबा हाय का?"

समोरचा गडबडतो. तो बिचारा सेन्सर, मेगापिक्सेल, इंटरनेटवरची परीक्षणं असं सगळं पाठ करून आलेला असतो. डब्याचा अभ्यास त्याने केलेला नसतो. मग काका माझ्याकडे वळतात. मी शाळेत शिकवते आणि सुट्टीत खाडीकाठच्या खाजणातल्या पक्ष्यांचे फोटो काढते, म्हणून मी त्यांची कायमची साक्षीदार. "बघा बाई. घोडा घ्यायला निघालेत, तबेल्याचा पत्ता नाय."

डबा म्हणजे घट्ट झाकणाचा, हवाबंद डबा. त्यात लेन्स ठेवायची आणि सोबत सिलिका जेलचे निळे मणी. हे मणी हवेतला ओलावा पितात आणि पिऊन पिऊन गुलाबी होतात; रंग मात्र विषारी. आमच्या बोईसरला पावसाळ्यात चपलांवर बुरशी येते, तिथे लेन्सची काय कथा! काकांचा सिद्धांत असा, की आपल्या भागात कॅमेरे हातातून पडून बिघडत नाहीत, जपून ठेवल्याने बिघडतात. "चामड्याच्या बॅगेत घालतात, बॅग कपाटात, वर साड्यांची चवड. काढतात थेट पोराच्या लग्नाला. तवर आत बुरशीचं जाळं!"

काका मूळचे केळव्याचे. नोकरी तारापूरच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये झाली, त्यामुळे पहिल्या भेटीत कुठल्याही वस्तूवर त्यांचा विश्वास बसत नाही. जुना रोलचा कॅमेरा कुणी दाखवायला आणला, की आधी त्याचा वास घेतात. मग मागचं झाकण उघडून शटर अगदी संथ वेगावर लावतात आणि डोळे मिटून ऐकतात. "दम लागतोय याला," असं म्हणाले की सौदा मोडला. लेन्समधून टॉर्च मारून आरपार बघतात. झाकणाच्या कडेचा, प्रकाश अडवणारा काळा फोम विरघळून बोटाला चिकटला, तर ते काळं बोट मालकापुढे धरतात आणि मालक उगाचच ओशाळतो. डिजिटलवाल्यांसाठी उपदेश वेगळा. "बॉडी जुनी चालेल. काच चांगली घ्या, आन् ट्रायपॉड जड घ्या." हलका ट्रायपॉड आणणाऱ्याला ते केळव्याच्या वाऱ्यात तो उभा करून दाखवायला सांगतात.

त्यांच्याबरोबर केळव्याच्या किनाऱ्यावर जाणं मी शक्यतो टाळते. सुट्टीच्या दिवशी मुंबईची मंडळी तिथे भर वाऱ्यात, उडत्या वाळूत लेन्स बदलत उभी असतात आणि काकांना ते बघवत नाही. एकदा ते सुरूच्या बनातून ओरडत धावत सुटले, "ओ साहेब, झाका ते! झाका आधी!" साहेबांनी घाबरून आधी कमरेचा टॉवेल घट्ट केला.

स्वतः काका फोटो काढतात का? काढतात की. पण फक्त वर्तमानपत्राचे. पेपरचं पान भिंतीवर सपाट धरायचं, फोटो काढायचा आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं नीट वाचता येतात का ते बघायचं. ही म्हणे लेन्सची परीक्षा. काकू होत्या तेव्हा पान त्या धरायच्या. त्यामुळे काकांच्या जुन्या फोटोंत दोन्ही कडांना काकूंची बोटं आणि मधे सगळ्या जगाच्या बातम्या. काकू गेल्यापासून पान चिकटपट्टीने लावतात.

डब्याच्या बाबतीत काका एकदाच हरले. शिरगावचा हेमंत लग्नाचे फोटो काढतो. तो नवी लेन्स दाखवायला आला तेव्हा काकांनी नेहमीचा प्रश्न टाकला. हेमंत छाती फुगवून म्हणाला, "हाय ना काका! आयचा डबा हाय, एकदम टाईट." काका खूश. आमच्या किनाऱ्यावर घरातला सगळ्यात घट्ट झाकणाचा डबा कसला असतो, हे केळव्यात जन्मलेल्या माणसाच्या ध्यानात यायला हवं होतं. हेमंतने लेन्स आईच्या सुकटीच्या डब्यात ठेवली. पुढच्या लग्नात नवरी नाकाला रुमाल लावून बसली आणि मांडवातली मांजरं हेमंतच्या मागे मागे फिरत राहिली. काकांनी लेन्स टॉर्च मारून तपासली आणि निकाल दिला, "बुरशीचा एक डाग नाय. सुकट तेवढी फेकून द्या."

आता कढईबद्दल. गुलाबी झालेले मणी मंद आचेवर भाजले की पुन्हा निळे होतात. हे भाजण्याचं काम काकांनी कधी कुणाला करू दिलं नाही. "घरी भाजू नका. खायच्या भांड्यात तर अजिबात नाय. माझ्याकडे आना." त्यासाठी त्यांच्याकडे वेगळी लोखंडी कढई आहे, ओळखू यावी म्हणून तिच्या कानाला लाल दोरा बांधलेला. तिच्यात एकदा त्यांच्या बहिणीने चुकून पोहे केले. काकांनी ते सगळे कचऱ्यात टाकले आणि बहीण दिवाळीपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही.

रविवारी सकाळी डबे घेऊन मंडळी जमायची. खिडक्या सताड उघड्या, काका शेंगदाणे भाजावेत तसे मणी परतताहेत, बाजूच्या शेगडीवर चहा उकळतोय, आणि कुणी कुठली लेन्स घ्यावी यावरून घरभर भांडण. मणी निळे व्हायला वेळ लागतोच, त्यात काका आच जरा जास्तच बारीक ठेवत. परदेशातल्या मुलाने त्यांना ओलावा शोषणारं विजेचं कपाट पाठवलंय. म्हणजे मणी नकोत, कढई नको. काकांनी त्यात पापड ठेवलेत.

मग दिवाळीनंतर आमच्या फोटोवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुंभवलीला नव्याने राहायला आलेल्या एका इंजिनिअरने व्हिडिओ टाकला. एक जुनी कढई वेगळी काढा, आच मंद ठेवा, झालं. खाली लिहिलं होतं, "इतना आसान है, काकाजी को हर संडे क्यों तकलीफ देना?" त्याचा हेतू चांगलाच होता. सगळ्यांनी पसंतीचे अंगठे टाकले. काकांनीही टाकला. त्यात थंडी आली, हवा कोरडी झाली, मणी निळेच राहू लागले आणि रविवारचं येणं कधी थांबलं ते कुणाला कळलंही नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी मी त्यांची थाळी परत द्यायला गेले. दार उघडंच होतं. खिडक्या सताड उघड्या, ओट्यावर कपांची रांग मांडलेली, आणि काका एकटेच कढईत मणी परतत होते. मणी गडद निळे.

"काका, हे तर निळेच आहेत."

"हायत ना," कढईतून नजर न काढता काका म्हणाले. "म्हटलं, कोन आलं तर कढई तापलेली बरी."

मी थाळी ठेवली आणि घरी आले.

घरी माझा डबा उघडला. माझेही मणी निळेशार. शेगडीवर आंघोळीचं पाणी उकळत होतं. मी एका बाद झालेल्या गाळणीत मणी घेतले आणि वाफेवर धरले. नवरा बघत राहिला. "अगं, उकडतेस काय ते?" "गप्प बस जरा," मी म्हटलं. मणी आधी जांभळट झाले, मग हळूहळू गुलाबी. ते वाटीत ओतले आणि तशीच समोर गेले.

"काका, गुलाबी झालेत हो माझे."

काकांनी मणी तळहातावर घेतले. अजून कोमट होते, एखाद-दुसरा तडकलेलाही होता. सगळा जन्म लॅबमध्ये गेलेल्या माणसाला भर थंडीत असे मणी कसे होतात, हे सांगायची गरज नव्हती. त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि मणी कढईत सोडले.

"तुमचा डबा टाईट नाय, बाई," ते म्हणाले. "दर रविवारी आनावा लागेल."

"आणते की," मी म्हटलं.

काकांनी आच आणखी बारीक केली आणि चहाचं आधण ठेवलं.