अकरा सेकंदांचं कुलूप

व्हिडिओ अकरा सेकंदांचा होता आणि त्यात मामांनी दोन वाकवलेल्या तारांनी एक पितळी कुलूप उघडलं होतं. ते कुलूप मामांनी स्वतःच बनवलेलं होतं, ही गोष्ट भाचीच्या ध्यानात आली तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते, व्हिडिओ एकेचाळीस हजार लोकांनी पाहिला होता आणि दुकानाच्या काउंटरवर नेमकी तशीच चौदा कुलपं परत येऊन पडली होती.

"हेच ना ते?" निवृत्त मास्तरांनी आपलं कुलूप मामांच्या नाकासमोर धरलं. "व्हिडिओतलं?"

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला. खोटं बोलणं त्यांना येत नव्हतं आणि या वयात शिकायची हौसही नव्हती. "हेच."

"म्हणजे बारा वर्षं मी घराला अकरा सेकंद लावून फिरतोय!"

"अकरा मला लागतात, मास्तर. चोराला दोन तास लागतील."

"चोराला कुठे घाई असते? मी लेकीकडे जातो तो आठ-आठ दिवस येत नाही!"

रांगेतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. भाची काउंटरमागे वही छातीशी धरून उभी होती.

तिचा विचार तसा शास्त्रशुद्ध होता. पदार्थविज्ञानाची पदवी झाली होती, नोकरी लागली नव्हती. मधल्या काळात ती मामांकडे राहायला आली आणि दुकानाची जाहिरात तिने अंगावर घेतली. मामा कानशीने कुलपातले लिव्हर घासतायत, असे नऊ व्हिडिओ तिने आधी टाकले. प्रत्येकी सरासरी तेवीस लोकांनी पाहिले, त्यातले तीन घरचेच. मग तिने वहीत तक्ता आखला. व्हिडिओ किती वाजता टाकला, किती लोक आले, कितव्या सेकंदाला पळाले. निष्कर्ष स्पष्ट होता. कुलूप बनायला दोन दिवस लागतात आणि बघणारा पंधरा सेकंदही थांबत नाही. तेव्हा बनवणं नको, उघडणं दाखवावं. तिने फळीवरचं हाताला लागलं ते कुलूप मामांपुढे ठेवलं, आणि खाली लिहिलं, 'कुठलंही कुलूप, अकरा सेकंदांत!' लोकांना मामांचं गुणगुणणं फार आवडलं. शेवटचा लिव्हर हाताला लागला की मामांच्या नाकातून आपोआप एक सूर सुटायचा, आणि पाठोपाठ कडी वर उडायची.

तक्त्यात एकच रकाना राहून गेला होता. हे सगळं बघून आपल्या गिऱ्हाइकाला काय वाटेल?

तिने घाईघाईने खुलासा टाकला. 'घाबरू नका, हे कुलूप जगात फक्त आमचे मामाच उघडू शकतात.' त्यावर पहिली प्रतिक्रिया आली, 'मामा राहतात कुठे?' आणि दुसरी, 'परवा माझी सायकल गेली तेव्हा मामा कुठे होते?'

"झाकली मूठ सव्वा लाखाची," मामी आतून म्हणाल्या. "तू ती उघडून दाखवलीस. वर व्हिडिओ काढलास."

"मामी, तुला त्यातलं काही कळत नाही."

"नाही बाई. मला आपलं एवढंच कळतं, की चौदा कुलपं परत आली."

तेवढ्यात फोन वाजला. वसतिगृहाच्या रेक्टरबाई होत्या. नव्या इमारतीत ऐंशी खोल्या होत्या, त्यांना ऐंशी कुलपं हवी होती, आणि ते काम मामांकडे जवळजवळ ठरलं होतं. समोर मोठं हार्डवेअरचं दुकान झाल्यापासून मामांकडे लोक येत ते फक्त किल्ली हरवली म्हणून. हे काम मिळालं नाही तर महिनाअखेरीस शटर ओढायचं ते कायमचं, असं मामांनी एकदाच, जेवताना, भाजी वाढून घेता घेता सांगितलं होतं.

"तुमचा व्हिडिओ पाहिला," रेक्टरबाई म्हणाल्या. "मुलींनीच दाखवला. हसत हसत."

"बाई, आम्ही दुसरं कुलूप देतो," भाची म्हणून गेली. "मामांनाही उघडणार नाही असं! तुमच्या डोळ्यांदेखत दाखवतो. शनिवारी चार वाजता."

फोन ठेवल्यावर तिने मामांकडे पाहिलं. मामा तिच्याकडे पाहत होते.

"असं कुलूप कुठाय?" त्यांनी विचारलं.

"तू बनवणार आहेस ना."

तीन दिवस मामा जेवायलासुद्धा हाक मारल्याशिवाय उठले नाहीत. शनिवारी दुपारी त्यांनी नवं कुलूप टेबलावर ठेवलं. "यात एक पहारेकरी बसवलाय. तार जराशी जास्त वर गेली, की तो आतून अडसर टाकतो. मग खरी किल्ली उलटी फिरवल्याशिवाय अडसर निघत नाही."

"तू तारेने उघडून बघितलंस?"

"नाही."

"म्हणजे उघडेल की नाही, तुला माहीत नाही?"

"माहीत असतं तर तुझा प्रयोग कसला?" मामा म्हणाले.

किल्ली एकच घडली होती. ती भाचीने मामींना दिली. "वर घरात जाऊन बस. मी हाक मारली की खिडकीतून टाक." मामी किल्ली घेऊन निघून गेल्या. चार वाजता मामांनी शटर खाली ओढलं, कुलूप लावून दाबलं. खट्. भाचीने मोबाइल स्टँडवर चढवला आणि लाइव्ह सुरू केलं. ठरल्याप्रमाणे आलेल्या रेक्टरबाईंनी घड्याळ पाहिलं.

"साडेचारपर्यंत उघडलं नाही, तर ऐंशी तुमची."

मामा स्टुलावर बसले. सहाशे लोक बघत होते. तीन मिनिटं नुसती तारेची कुरकुर ऐकू आली.

"पण एक सांगा," रेक्टरबाई एकदम म्हणाल्या. "काम मिळणार ते कुलूप न उघडण्यावर. मग हे मुद्दाम उघडत नसतील कशावरून?"

मुद्दा बिनतोड होता. भाचीच्याच प्राध्यापकांनी असा प्रयोग फेकून दिला असता. मोबाइलवरही तेच सुरू झालं होतं. 'मामा नाटक करतायत.' 'चला, झोपा.' सहाशेचे साडेतीनशे झाले.

आणि शटर आतून धडधडलं.

"अहो! मी आत आहे!"

मामांच्या हातातली तार पडली. "तू? तू वर गेली होतीस ना?"

"डबा न्यायला मागच्या खोलीत गेले, तर तुम्ही शटर ओढलंत! उघडा!"

"मामी, किल्ली!" भाची शटरला तोंड लावून ओरडली. "खालून सरकव!"

"हातातून पडली गं! अंधारात दिसत नाही!"

"मोबाइलचा टॉर्च लाव!"

"चार्जिंग संपलंय! उघडा हो, गुदमरतंय मला!"

आता मामांच्या कपाळावर जो घाम आला तो नाटकातला नव्हता, हे रेक्टरबाईंनाही कळलं. मामांनी तार घातली, घाई झाली, आणि आतून बारीक टक् असा आवाज आला.

"काय झालं?" रेक्टरबाईंनी विचारलं.

"पहारेकरी बसला," मामा पुटपुटले. "माझाच. माझ्याच उरावर."

रस्त्यावर गर्दी जमली. समोरच्या हार्डवेअरवाल्याने लांबलचक कटर आणला, तर मामांनी त्याला हातानेच थांबवलं. "माझी कडी तुझ्या कटरने तुटायची नाही." मास्तरही आले होते. ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "अकरा सेकंद कधीच होऊन गेले." मध्येच गर्दी कंटाळू लागायची, मोबाइलवरचा आकडा उतरायला लागायचा, तोच शटर पुन्हा धडधडायचं आणि "अहोऽऽ!" ऐकू यायचं, की आकडा पुन्हा वर. आठशे. चौदाशे. दोन हजार शंभर.

चार सत्तावीसला मामांचा हात संथ झाला. त्यांनी बारीक तार उलट्या बाजूने आत घालून पहारेकऱ्याचा अडसर सरकवला होता आणि डोळे मिटले होते. आजूबाजूला कोण आहे, ऑर्डर कशाची, हे त्यांच्या डोक्यातून पार गेलं होतं. त्यांच्यासमोर आता फक्त एक न उघडलेलं कुलूप होतं.

आणि मामा गुणगुणायला लागले.

तो सूर भाचीने एकेचाळीस हजार लोकांना ऐकवला होता. त्याचा अर्थ तिला पक्का ठाऊक होता. उघडू नकोस, असं ओरडावं तर मामी आत गुदमरतायत. उघड म्हणावं तर ऐंशी कुलपं गेली, दुकान गेलं. तिने रेक्टरबाईंकडे पाहिलं. त्या मामांच्या बोटांवर डोळे लावून होत्या.

"सापडली!" शटर धडधडलं. "किल्ली सापडली गं बाई!" आणि शटरखालच्या फटीतून किल्ली सर्रकन बाहेर आली.

"थांब जरा!" मामा डोळे न उघडताच म्हणाले.

"थांबा काय? जीव चाललाय माझा!"

"बाजूला व्हा हो!" रेक्टरबाईंनी मामांना खांद्याने सरकवलं आणि स्वतःच कुलूप उघडलं. शटर वर गेलं. मामी भिंतीला धरून बाहेर आल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मास्तरांनी पाणी दिलं.

"साडेचारला अजून दोन मिनिटं आहेत," मामा म्हणाले.

"मला पुरे झालं," रेक्टरबाई म्हणाल्या. "ऐंशी द्या. आणि एक माझ्या घराला."

मास्तरांनी मागून बोट वर केलं. "आधी माझं."

गर्दी पांगल्यावर भाचीने सवयीप्रमाणे वही उघडली आणि लाइव्हचा आलेख काढला. शटर चार वाजून पाच मिनिटांनी वाजलं, मग अकराला, सोळाला, बावीसला. प्रत्येक वेळी आकडा उतरायला लागल्यावर, वीस सेकंदांच्या आत. तिने ते दोनदा तपासलं. मग काउंटरवर पडलेला मामींचा मोबाइल उचलला. तो गरम होता, त्यावर लाइव्हचं पान उघडं होतं आणि बॅटरी बासष्ट टक्के.

"मामी, चार्जिंग संपलं होतं ना?"

"संपलं होतं. मग आलं."

"आणि किल्ली? कुठे पडली होती?"

मामींनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि मूठ उघडून दाखवली. तळहातावर किल्लीचे दाते अजून लाल उमटलेले होते.

मामांचं या कशाकडेच लक्ष नव्हतं. ते स्टुलावर कुलूप मांडीत घेऊन बसले होते, पदक हुकलेल्या पोरासारखे. "शेवटचा लिव्हर हाताला लागला होता माझ्या," ते म्हणाले. "अजून अर्धं मिनिट तुला किल्ली सापडली नसती, तर उघडलंच असतं मी."

"ऐकू आलं ना आत, गुणगुणायला लागलात ते," मामी म्हणाल्या. "म्हणून तर सापडली."