एकसुद्धा पळत नव्हता

"तू दिवसभर करतेस तरी काय?" आईच्या या प्रश्नाचं उत्तर मी यंदा कायमचं देऊन टाकणार होते! आमची प्रयोगशाळा लोकांसाठी खुली असते त्या दिवशी तिला पहिल्या रांगेत बसवायचं आणि माझी फिल्म दाखवायची. दोन रेणू जवळ येतात, जुना बंध तुटतो, नवा जुळतो आणि त्या गडबडीत इलेक्ट्रॉन कसे इकडून तिकडे जातात, ते सगळं क्वांटमच्या गणितातून काढलेलं! आईलाच काय, आईच्या पिशवीलाही कळलं असतं!

फिल्म सुरू झाली आणि मला माझी चूक दिसली. पडद्यावरचे लाल-निळे फुगे दुकानाच्या पाटीवरच्या दिव्यांसारखे लुकलुकत होते! लाल म्हणजे इलेक्ट्रॉनच्या लहरीचं अधिक चिन्ह, निळं म्हणजे उणे. कुठल्या बाजूला अधिक म्हणायचं, ते संगणक दर चित्रात मनाला येईल तसं ठरवतो. मग ती चिन्हं आपण जुळवायची असतात, नाहीतर रंग उगाच उलटसुलट होत राहतात. मी विसरले होते!

"पाहा, पाहा!" आमचे सर गरजले. "इलेक्ट्रॉन कशा उड्या मारताहेत!"

"सर, ते रंग..."

"रंग तर अप्रतिमच!"

टाळ्या! आई तर उभी राहून वाजवत होती. शेजारच्या अनोळखी बाईंना कोपरानं ढोसून म्हणाली, "माझी मुलगी हो! तिनंच पळवलेत ते!"

तेव्हा गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? "हे चुकलंय," मी म्हणाले. एरवी माझा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंत पोचत नाही. त्या दिवशी नेमका दारापर्यंत गेला!

सरांचा चेहरा पडला. आईनं हात खाली घेतले.

"म्हणजे ते पळत नव्हते?"

"नाही गं."

"एकसुद्धा?"

"एक फिकट ढग असतो. तो हळूच सरकतो, एवढंच."

पुढच्या रविवारी निर्दोष फिल्म घेऊन मी आईसमोर बसले. फिकट ढग हळूच सरकला. आईही हळूच एका कुशीवर सरकली आणि घोरू लागली! जागी झाल्यावर म्हणाली, "ती आधीची लाव ना." ती मी पुसून टाकली होती.

काल जिन्यात शेजारच्या काकूंनी तिला विचारलं, "तुमची लेक काय करते हो?"

"ती होय?" आई म्हणाली. "लोक टाळ्या वाजवायला लागले की आपलं चुकलंय म्हणून सांगते."

मी मागेच उभी होते. पण या वाक्यात दुरुस्त करण्यासारखं मला काही सापडलं नाही!