दाभाडे सरांची चढती रेघ

दाभाडे सर माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी टाळूकडे बघत. औरंगाबादच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झाले, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी नाव-गाव विचारलं. सरांनी मला एकदा खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "पाच फूट एक. अंबाडा धरून दोन."

मला राग आला होता. मग कळलं, मुख्याध्यापकांपासून शाळातपासनीसापर्यंत कुणालाच त्यांनी सोडलेलं नाही. स्वतः मात्र पाच फुटांच्या आसपासच होते. फळ्याच्या वरच्या भागात लिहायचं झालं की ते एका लाकडी खोक्यावर चढत आणि वर्ग हसला की म्हणत, "हसा. पण हातचा विसरू नका."

ते मूळचे पिशोरचे, शेतकऱ्याघरचे, आणि गणित शिकवायचे. आलेख हा धडा इतर शाळांत आठवडाभरात उरकतो. आमच्याकडे तो वर्षानुवर्षं चालू होता. महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की पोरं पाण्याच्या टाकीजवळच्या भिंतीशी रांग लावत. भिंतीवर सरांनी रंगानं मोजपट्टी काढली होती. पोरानं टाचा भिंतीला टेकवून उभं राहायचं, सरांनी डोक्यावर सुताराचा काटकोनी गुण्या ठेवायचा, आकडा ओरडायचा आणि ज्याचा त्यानं आपापल्या आलेखावर ठिपका द्यायचा. आडवे महिने, उभी उंची. सगळे आलेख वर्गात दोरीवर लटकलेले असत.

केसांवरून नेहमी तंटा व्हायचा. तेव्हा पोरं सिनेमातल्यासारखा केसांचा कोंबडा काढत. सर तो गुण्यानं दाबून सपाट करत. "केस म्हंजी पगार नाय रे, भत्ता आहे. भत्ता मूळ पगारात धरीत नसत्यात."

बुटक्या पोरांना त्यांचा फार आधार होता. एखादं पोर खाली मान घालून आलं की सर त्याचा कागद हातात घेत आणि सांगत, "उंची बघू नको, रेघ बघ. रेघ चढती आहे ना? मग झालं तर."

एकदा मात्र जूनमध्ये आक्रीत घडलं. सुटीनंतरच्या पहिल्या शनिवारी मोजणी झाली आणि अख्खी शाळा खुजी निघाली. एकूण एक रेघ खाली आली. मुली रडायला लागल्या. सर घामाघूम झाले, गुण्या उलटासुलटा करून बघितला. "भिंत खोटं बोलत नाय," असं पुटपुटत राहिले. सोमवारी रफिक नावाच्या एका पोराचे वडील आले. त्यांचं सिटी चौकात शिवणकामाचं दुकान. ते गळ्यातली टेप काढूनच आत शिरले.

"क्या मास्टरसाब, मैंने छोकरे की पतलून दो उंगल बड़ी सिली, और तुम बोलते छोकरा घट गया? कायकू घट गया? गर्मी में आम क्या कम खाया?"

शेवटी सर स्वतःच भिंतीशी उभे राहिले आणि मला गुण्या धरायला लावला. मी आकडा सांगितला तसे ते ओरडले, "बाई, मीबी घटलो की!" मुळातच तुटवडा असलेल्या माणसाला हा तोटा परवडणारा नव्हता. त्यांनी खाली पायांकडे बघितलं आणि तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. उन्हाळ्याच्या सुटीत मुख्याध्यापकांनी तिथला जुना जाड कोबा उखडून पातळ शहाबादी फरशी घातली होती. आम्ही सगळे बोटभर खाली उभे होतो आणि पट्टी जुन्या कोब्यापासून मोजत होती. रफिकचे वडील इतके हसले, की त्यांनी सरांना एक सदरा फुकट शिवून दिला.

एरवी सर मापात कणभर खोटं खपवून घेत नसत. म्हणूनच मंगलचं प्रकरण मला आजही जसंच्या तसं आठवतं.

मंगल करमाडहून एसटीनं यायची. नववीत होती. हुशार, आणि वर्गात सगळ्यांत उंच. एक दिवस तिचे वडील रामराव शाळा सोडल्याचा दाखला मागायला आले.

"पोरगी लई वाढली, सर. दारातून येताना वाकती. लोक नावं ठेवायलेत. पाव्हणे बघून ठेवलेत."

मंगल दाराआड उभी होती. सरांनी रामरावांना वर्गात नेलं आणि दोरीवरचा तिचा कागद दाखवला. "ही तुमच्या पोरीची रेघ. वर चाललीय ना?"

"व्हय."

"म्हंजी वाढ चालू आहे. कणसात दाणा भरायच्या आधी ज्वारी काढता का तुमी?"

"नाय बा."

"मग रेघ आडवी झाली की या. मी अडवणार नाय."

रामराव शब्दाचे पक्के. दाखला न घेता गेले, आणि दिवाळीनंतर पुन्हा येऊन कागद बघून गेले. रेघ चढतीच होती.

पण मुलींची वाढ लवकर थांबते. दहावीच्या वर्षी एका शनिवारी सरांनी मंगलच्या डोक्यावर गुण्या ठेवला. मी शेजारीच होते, मला पट्टी दिसत होती. आकडा मागच्याच महिन्याचा होता. सरांनी घसा खाकरला आणि अर्धा सेंटिमीटर वाढवून आकडा ओरडला.

"सर, पण..." मंगल म्हणाली.

"टाच टेकव. पट्टी तू वाचतेस का मी?"

पुढच्या महिन्यातही तेच. त्याच्या पुढच्याही. या चालीनं ती परीक्षेपर्यंत शाळेच्या छपराला लागली असती. मी सरांना एक शब्द विचारला नाही. मला तर हायसंच वाटत होतं.

संक्रांतीनंतर रामराव आले. कागदाकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी मंगलला हाक मारून आपल्या शेजारी उभं केलं.

"सर, दिवाळीच्या टायमाला ही माझ्या कानाला लागत व्हती. आजबी कानालाच लागती."

सर खाली बघायला लागले. रामरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली.

"म्हंजी मीबी वाढायलोय म्हणायचं," ते म्हणाले. "परीक्षा कवा हाय हिची?"

ते गेल्यावर सर त्या खोक्यावरच बसले. मी चहा मागवला. चहा आला तेव्हा ते बोलले.

"आमची गोदी, बाई. माझी बहीण. माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी अन् वीतभर उंच. पाढे माझ्याआधी तिला यायचे. अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली, त्याच्या पुढच्या साली घरात म्हणाले, पोरगी वाढली, उजवून टाका. गावातच दिली. मी एवढासा दिसायचो, तर म्हणाले, हे अजून लेकरू आहे, शिकू द्या. तिचं वय कुणी मोजलंच नाय. नुसती उंची बघितली. मी बुटका, म्हणून मास्तर झालो."

मी त्यांचा चहा त्यांच्यापुढे सरकवला.

मंगल दहावीला पहिल्या वर्गात पास झाली. रामराव पेढ्यांचा पुडा घेऊन आले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं सगळ्या शिक्षकांना पेढे वाटले. सरांनी आपला पेढा खाल्ला नाही. खिशातला कागद काढून त्यात नीट गुंडाळला.

"बाई," त्यांनी मला विचारलं, "पिशोरची गाडी आता कितीला हाय? गोदीला नेऊन देतो."