मागचं डावं चाक

मूळ चूक एवढीच, की मी ‘बघतो’ म्हणालो.

सासऱ्यांनी निवृत्त झाल्यावर एक जुनी कॅम्पर व्हॅन घेतली. आत झोपण्यापुरते दोन बाक, चहापुरती शेगडी आणि एका हाताने तोंड धुता येईल एवढं बेसिन. पहिल्याच सहलीला त्यांनी आम्हा नवराबायकोला बोलावलं. लग्नाला वर्ष व्हायचं होतं आणि सासऱ्यांसमोर माझ्या तोंडातून ‘हो’ आणि ‘नको’ यांपलीकडे काही फुटत नव्हतं. निघायच्या सकाळी ते सहज म्हणाले, “चाकांचे नट गंजून बसले नसले म्हणजे मिळवलं. वाटेत पंक्चर झालं तर उघडायचे नाहीत.”

“मी बघतो,” मी म्हणालो.

(मी गादीच्या दुकानात उशा भरतो. आमच्या धंद्यात कुठलीच गोष्ट फार आवळायची नसते.)

काम सोपं होतं. पाना लावायचा, नट जरा सैल करायचा, सुटतोय असं दिसलं की पुन्हा आवळायचा. तीन चाकं झाली. मागच्या डाव्या चाकाचे नट सैल केले आणि सासूबाईंनी घरातून हाक मारली, “जावईबापू, चहा निवतोय.” मी आत गेलो, हात धुतले, चहा घेतला. मग आम्ही निघालो.

वस्ती मागे पडली, गाडीने वेग घेतला आणि मला आठवलं, की मला हात धुतलेले आठवतायत, नट आवळलेले आठवत नाहीत.

मागून कटकट ऐकू येऊ लागली. कपाटातल्या बशा होत्या की चाक, देव जाणे. आमचंच चाक आम्हाला ओव्हरटेक करून पुढे जाताना मला स्पष्ट दिसू लागलं.

‘बाबा, मागचं चाक निघणार आहे,’ हे वाक्य मी मनात घोकलं. तोंडातून आलं ते, “जरा थांबता का?”

उतरलो, मागच्या चाकाशी उकिडवा बसलो, नट बोटांनी फिरवून पाहिले. हलले नाहीत. पण गंजका नट सैल असला तरी बोटांना दाद देत नाही. खात्री करायला पाना हवा. पाना बाकाखालच्या पेटीत, आणि बाकावर सासूबाई झोपलेल्या. (सासूबाईंची झोप मोडायची की चौघांनी मरायचं, हा निर्णय वाटतो तेवढा सोपा नसतो.)

पुन्हा कटकट, पुन्हा “जरा थांबता का?” तिसऱ्यांदा मी चाकामागे जाऊन बसलो तेव्हा बायको आणि सासरे सौजन्याने भलतीकडे पाहू लागले. परत चढलो तर बायकोने माझ्याजवळची पाण्याची बाटली काढून घेतली.

“या वयात इतक्यांदा बरं नाही,” सासरे हळू आवाजात म्हणाले. “डॉक्टरांना दाखवा. त्यात लाजायचं काय?”

“हो,” मी म्हणालो.

मग उतार लागला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. ते काहीच नाही डावीकडे होतं. पहिल्या वळणावर गाडी कलली आणि माझी भीड संपली.

“आई, उठा. तुमच्याखालचा पाना हवाय मला. बाबा, थांबवा गाडी.”

गाडी थांबली. मी सगळं सांगून टाकलं. मी पाना लावून अंगाचा सगळा भार टाकला. नट हलेना. पाचांतला एकही हलेना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

“म्हणजे आवळले होते मी,” मी म्हणालो.

सासरे खाकरले. “ढिले होते. तुम्ही चहा घेत होतात, तेव्हा मी आवळले.”

“नंतर मी,” बायको म्हणाली. “बाबांच्या हातात आता पूर्वीसारखा जोर नाही.”

“आणि त्यानंतर मी पान्यावर उभी राहिले,” सासूबाई खिडकीतून म्हणाल्या. “नाहीतर तुमच्या भरवशावर झोप लागली असती होय मला?”

“मग मला कोणी सांगितलं का नाही?”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं,” सासरे म्हणाले. “शिवाय बाकीची तीन चाकं छान आवळली होती तुम्ही.”

मला जरा बरं वाटलं.

“तीसुद्धा मीच पुन्हा…” बायकोने सुरुवात केली. सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं, तशी ती गाडीत चढली.

मी गाडीत बसलो आणि दार ओढून घेतलं. चांगलं खट् वाजलं. सासूबाईंनी माझ्या अंगावरून हात लांब केला आणि ते दार पुन्हा एकदा ओढून पाहिलं.