टोरांटो, एक मुक्काम

आमच्या तात्यांना किलोमीटर मान्य नव्हता. "त्यो सरकारचा. मेंढराला कुठं वाचता येतो?" म्हणायचे. तात्या माझे चुलते. त्यांचं माप एकच, मुक्काम. मेंढरं दिवसभर चरत चालतात आणि सांजेला जिथं बसतात, तो एक मुक्काम. बेल्ह्याजवळच्या आमच्या वस्तीपासून नाणेघाटाच्या माथ्यावरचं घाटघर पाच मुक्काम. एसटीनं अर्ध्या दिवसात पोचलं तरी पाचच!

त्यांचंही काय चुकलं? दरसाल पावसाळा सरला की सगळं घर कळपामागं नाणेघाटानं कोकणात उतरायचं. घोड्यावर भांडी, भांड्यांवर पोरं. शाळा सुटली की सुटलीच. मला मात्र तात्यांनी हट्टानं जुन्नरच्या वसतिगृहात ठेवलं आणि मी घरातला पहिला बीए झालो. तेव्हापासून माझं नावच गेलं. "ए बीए, पानी आण!"

पुढं त्यांची लेक शैला इंजिनियर झाली. टोरांटोला शिकायला जागा मिळाली, शिष्यवृत्तीही. काकी अडून बसल्या. "लई लांब हाय. न्हाई धाडायची." शैलाचे डोळे रडून सुजले.

तात्यांनी मला ओट्यावर बसवलं.

"बीए, टोरांटो किती लांब?"

"साडेबारा हजार किलोमीटर. विमानानं वीसेक तास."

"ते ऱ्हाऊ दे. मुक्काम किती?"

"मधे जर्मनीत उतरून विमान बदलायचं."

"म्हंजी येकच?"

"एकच."

तात्या ताडकन उठले. "ऐकलंस का गं! टोरांटो येक मुक्काम! घाटघरापरीस जवळ!"

काकींनी माझ्याकडं पाहिलं. घरात काहीही ठरताना बीएची मान हलावी लागे. मी हलवली.

"मंग सणावाराला यील?" काकींनी विचारलं.

"यील की! तिला काय वाटंत मेंढरं चारायचीत?"

बेल्ह्याच्या बाजारात ही बातमी आमच्या आधी पोचली. एकानं चिडवलं, "तात्या, मग मेंढरंच न्या की टोरांटोला!"

"चारा हाय का तिकडं?"

"बर्फ हाय, राव."

"मग मेंढरं न्हाई. पोरगीच धाडतो."

शैला गेली. विमानतळावर तात्या मोठमोठ्यानं हसत होते. परतताना माळशेज घाटात जीप थांबवली. काकी मागं झोपल्या होत्या. तात्या कठड्याशी जाऊन उभे राहिले.

"बीए, पायी किती मुक्काम पडत्याल?"

"पायी नाही जाता येत, तात्या. मधे समुद्र आहे."

"ठावं हाय मला." उपरण्यानं तोंड पुसलं. "जन्म चालण्यात गेला. लांब काय अन् जवळ काय, मला कळत न्हाई व्हय? पर घरात कुनीतरी जवळ म्हनायला पायजे व्हतं."

जीपकडं वळता वळता म्हणाले, "काकीला बोलू नगंस."

शैला सुखरूप पोचली. दोन वर्षांनी तिची परीक्षा पुरी झाली. पदवीच्या पुढं शिकलेली आमच्या घराण्यातली ती पहिली.